अ‍ॅल्युमिनियमचं की स्टीलचं? स्मार्टवॉच घेणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात स्मार्टवॉचबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक एकाच मुद्द्याभोवती फिरतात: केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची चौकट, कोणत्या धातूची घ्यावी? त्यातले निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं खाली देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आयफोन आहे, अ‍ॅपल वॉच घ्यायचं आहे. दुकानदार जुन्या स्टॉकमधलं ‘सिरीज ९’ स्टीलमध्ये दाखवतोय. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बरंच महाग आहे, पण तो म्हणतो, ‘स्टील आहे साहेब, आयुष्यभर टिकेल.’ घ्यावं का? (पुणे)

स्टील टिकेल हो, पण त्याच्या पोटात जे आहे ते टिकायला हवं ना. घड्याळातली लिथियम-आयन बॅटरी १००० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरेल, या हिशेबाने बनवलेली असते. रोज चार्ज करणाऱ्याला हा आकडा गाठायला तीन वर्षांच्या आसपास लागतात. बॅटरी बदलून मिळते, पण सॉफ्टवेअरचं काय? २०१८ सालच्या ‘सिरीज ४’ला २०२३ मध्ये आलेलं वॉचओएस १० मिळालं, ११ मिळालं नाही. त्यात स्टीलचं मॉडेलही होतं आणि त्याची केस आजही चकचकीत असेल. म्हणजे दोन्ही धातू घड्याळाच्या उपयुक्त आयुष्यापेक्षा जास्तच टिकतात. त्यामुळे टिकाऊपणासाठी स्टीलला जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

मग ते जादा पैसे जातात कशात? अ‍ॅपलच्या बाबतीत मुख्यतः काचेत. अ‍ॅल्युमिनियमच्या घड्याळाला ‘आयन-एक्स’ नावाची कडक केलेली काच असते, स्टीलच्या घड्याळाला सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची काच. मोह्‌सच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर सफायर ९ वर आहे आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. मनगट भिंतीला घासलं, खिशातल्या किल्ल्यांवर आपटलं, धुळीचा हात काचेवरून फिरला, तरी सफायरवर सहसा चरा उठत नाही. कडक केलेल्या काचेवर वर्ष-दीड वर्षात दोन-चार बारीक रेघा दिसू लागतात. मात्र चरा पडणं वेगळं आणि फुटणं वेगळं. सफायर कठीण असली तरी ठिसूळ असते. घड्याळ फरशीवर कोपऱ्यावर पडलं तर तीही तडकते, आणि अशा वेळी थोडी लवचीक असलेली कडक काच कधी कधी वाचते. घड्याळ हातातून निसटण्याचीच सवय असेल तर सफायरच्या भरवशावर राहू नका.

दुसरा फरक वजनाचा. ‘सिरीज ९’चं ४५ मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम मॉडेल ३९ ग्रॅमच्या आसपास भरतं, स्टीलचं साडेएक्कावन्न. दिवसभरात बारा ग्रॅम जाणवत नाहीत, पण झोपेची नोंद ठेवायला घड्याळ रात्री हातात राहणार असेल तर जाणवतात. तिसरी गोष्ट, अ‍ॅपलची स्टीलची मॉडेल्स फक्त सेल्युलरमध्ये, म्हणजे फोन जवळ नसतानाही मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या प्रकारात येत. म्हणजे ई-सिमची सोय वापरा अगर न वापरा, तिचे पैसे त्या किमतीत धरलेले आहेत. आतली चिप, सेन्सर आणि पाण्यापासूनचं संरक्षण दोन्हींत सारखंच.

आणखी एक गोष्ट दुकानदाराने सांगितली नसेल. २०२४ च्या ‘सिरीज १०’पासून अ‍ॅपलने या मालिकेतून स्टील काढून टाकलं आणि त्या जागी टायटॅनियम आणलं. त्यातही सफायरच आहे, पण ४६ मिलिमीटरचं टायटॅनियम घड्याळ सुमारे ४२ ग्रॅमचं आहे आणि अ‍ॅल्युमिनियमचं सुमारे ३६. जास्त पैसे मोजायचेच असतील तर स्टीलच्या जुन्या स्टॉकपेक्षा टायटॅनियम बघा. नाहीतर सरळ अ‍ॅल्युमिनियम घ्या. आमचं मत विचाराल तर दहापैकी आठ जणांना अ‍ॅल्युमिनियमच पुरेसं आहे.

सॅमसंगमध्येही हाच हिशेब लागू होतो का? (नाशिक)

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. ‘गॅलेक्सी वॉच ६’ अ‍ॅल्युमिनियमचं, ‘वॉच ६ क्लासिक’ स्टीलचं, पण सफायरची काच दोन्हींना आहे. तेव्हा काचेसाठी क्लासिक घेण्याचं कारण उरत नाही. स्टीलबरोबर तुम्हाला मिळते ती काचेभोवतीची फिरणारी कडा. मेनू वर-खाली करायला ती सोयीची आहे. ती काचेच्या वर थोडी उठून असल्यामुळे घड्याळ उलटं पडलं तर पहिला मार तिच्यावर जातो, हा दुसरा फायदा. तोटा अर्थातच वजनाचा. ४४ मिलिमीटरचं साधं घड्याळ ३३.३ ग्रॅम, तर ४७ मिलिमीटरचं क्लासिक ५९ ग्रॅम. पट्ट्याचं वजन वेगळं. कडेच्या खाचेत धूळ आणि घाम साचून ती करकरायला लागते. मऊ टूथब्रश आणि गोडं पाणी वापरून महिन्यातून एकदा साफ करा.

गूगलचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. २०२२ चं पहिलं पिक्सेल वॉच स्टीलचं होतं, पट्ट्याशिवाय ३६ ग्रॅमचं. पुढच्याच वर्षी दुसरं आलं ते अ‍ॅल्युमिनियमचं, ३१ ग्रॅमचं. धातू बदलला म्हणून घड्याळ हलक्या प्रतीचं झालं, असं काही नाही.

माझ्या हातात दोन पाटल्या आणि काचेच्या बांगड्या असतात. घड्याळ त्याच हातात घालते. कोणत्या धातूवर कमी चरे पडतील? (सांगली)

आधी अ‍ॅल्युमिनियम समजून घ्या. घड्याळाची केस नुसत्या अ‍ॅल्युमिनियमची नसते. तिच्या पृष्ठभागाचं विजेच्या साहाय्याने ऑक्साइडमध्ये रूपांतर केलेलं असतं. त्याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. हा थर साधारण दहा ते वीस मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ असतो. तो खालच्या धातूपेक्षा बराच कठीण असतो आणि रंग त्याच्या सूक्ष्म छिद्रांत भरलेला असतो. त्यामुळे साध्या घासण्याने अ‍ॅल्युमिनियमवर लवकर काही दिसत नाही. पण गेटची कडी किंवा ओट्याचा कोपरा जोरात लागला की थर फुटतो आणि खालचा चंदेरी ठिपका उघडा पडतो. काळ्या किंवा गडद निळ्या घड्याळावर तो लांबूनही दिसतो आणि पुन्हा झाकता येत नाही. फिकट, चंदेरी रंगावर तोच ठिपका लपून जातो.

चकचकीत स्टीलचं उलट आहे. पहिल्याच आठवड्यात त्यावर केसासारख्या बारीक रेघा येतात, पण त्या पॉलिशने जातात.

तुमच्या बाबतीत काचेच्या बांगड्या दोन्ही धातूंवर चरे पाडू शकतात, विशेषतः बांगडीची कड तुटून धारदार झाली असेल तर. पण जास्त काळजी पाटल्यांची घ्या. बावीस कॅरेटचं सोनं स्टीलपेक्षाही मऊ आणि अ‍ॅनोडायझिंगच्या थरापेक्षाही. रोज घासलं गेलं तर झिजणार आहे ते सोनं, घड्याळ नव्हे. घड्याळ दुसऱ्या हातात घाला. अ‍ॅपल वॉच असेल तर सेटिंगमध्ये जनरलखाली ओरिएंटेशन आहे, तिथे मनगट आणि क्राउनची (बाजूच्या फिरणाऱ्या गुंडीची) बाजू दोन्ही बदलता येतात. बांगड्यांनी बाजूचं बटण दाबलं जाऊन आपत्कालीन कॉल लागण्याचा त्रासही होतो. तो होत असेल तर फोनमधल्या वॉच अ‍ॅपमध्ये इमर्जन्सी एसओएसखाली बटण धरून ठेवण्याचा पर्याय बंद करता येतो.

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी खिडक्या खाल्ल्या जातात, मग घड्याळाचं काय? (रत्नागिरी)

चांगल्या घड्याळात वापरतात ते स्टील ३१६एल जातीचं असतं. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपासून बचाव होतो तो मुख्यतः मॉलिब्डेनममुळे. भांड्यांच्या ३०४ स्टीलमध्ये तो नसतो. तरीही मीठ वाळून बसलं तर ३१६एलवरही चहाच्या डागासारखे तांबूस डाग येतात. पट्टा जिथे केसमध्ये सरकतो त्या खाचेत ते आधी दिसतात. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पण जिथे थर फुटला आहे तिथे पांढरी भुकटी दिसते आणि बारीक खड्डा पडत जातो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी स्टील थोडं सरस, पण थोडंच. खरा फरक पडतो तो धुण्याने.

समुद्रात उतरलात किंवा घाम खूप आला, तर त्याच दिवशी पट्टा काढा. घड्याळ बंद करून कोमट गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा. क्राउन त्याच धारेखाली दहा-पंधरा सेकंद सतत फिरवत राहा, म्हणजे फटीतलं मीठ निघेल. साबण लावू नका. साबणाच्या पाण्याने आतल्या रबरी सीलची पकड कमजोर होऊ शकते. मऊ कापडाने टिपा, खाच कोरडी होऊ द्या आणि मगच पट्टा लावा. चामड्याचा पट्टा मात्र पाण्यात घालू नका. आणि पाण्यापासूनच्या संरक्षणासाठी लिहिलेला ‘५० मीटर’ हा आकडा नव्या घड्याळाचा आहे. सील काळाबरोबर सैल होत जातात, केस कोणत्याही धातूची असली तरी.

मी बांधकामाच्या साइटवर असतो. हातमोजे नेहमी नसतात. अ‍ॅल्युमिनियमचं घड्याळ सहा महिन्यांत जागोजागी पांढुरकं पडलं. बनावट निघालं का? (सोलापूर)

घड्याळ खरं असावं, ही करामत सिमेंटची आहे. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच १२ ते १३. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर साधारण पीएच ४ ते साडेआठपर्यंतच शाबूत राहतो. अल्क त्याला विरघळवतो. केसवर सिमेंटचा शिंतोडा वाळून राहिला की त्याखाली थर खाल्ला जातो आणि फिका, खरखरीत डाग उरतो. चुन्याचंही तसंच, त्यात तंबाखूबरोबर मळायचा चुनाही आला. घरात धुण्याचा सोडा आणि ओव्हनचा चिकटपणा काढणारी द्रावणं हेच करतात.

तुमच्या कामाला स्टील किंवा टायटॅनियम योग्य. सिमेंट स्टीलचं काही बिघडवत नाही. अपवाद एकच. फरशी आणि टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ते स्टीललाही खड्डे पाडतं. ते हाताळताना घड्याळ खिशात नको आणि त्याच खोलीतही नको, कारण त्याच्या वाफाही पुरतात.

काच सफायरचीच घ्या. साइटवरच्या धुळीत वाळू असते, आणि कोरड्या बाहीने काच पुसणं म्हणजे तिच्यावर पॉलिशपेपर फिरवणं. आधी फुंकर, मग पाणी, मग कापड. वरून रबरी कव्हर घालत असाल तर आठवड्यातून एकदा काढून आतली रेती झटका. कव्हरच्या आत अडकलेली रेतीच केस घासत बसते. कव्हर घालूनही कडा झिजल्या अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच झालेलं असतं.

बेंटेक्सचे दागिने घातले की मला पुरळ येतं. आता घड्याळाखालीही खाज सुटली आहे. स्टीलमुळे असेल का? (कोल्हापूर)

असू शकतं, पण आधी पुरळ नेमकं कुठे आहे ते बघा. पट्ट्याच्या पूर्ण रुंदीखाली किंवा मागच्या सेन्सरच्या गोलाएवढ्या भागात लाली असेल तर बहुतेक वेळा दोष अडकलेल्या घामाचा, साबणाचा किंवा सॅनिटायझरचा असतो. फक्त बकलखाली, चेनच्या कडीखाली किंवा धातू टेकतो तेवढ्याच रेषेत असेल, तर निकेलचा संशय घ्यावा. खोट्या दागिन्यांनी किंवा जीन्सच्या बटणाने त्रास होणाऱ्यांना निकेलची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता बरीच असते.

३१६एलमध्ये निकेल आहे, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असतं आणि त्वचेवर फार थोडं सुटतं. युरोपात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे आणि चांगलं स्टील सहसा तिच्या आत राहतं. घाम जास्त आणि अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर मात्र तेवढंही पुरतं. जास्त संशय मुलामा दिलेल्या स्वस्त बकलचा आणि जाळीच्या स्वस्त चेनचा घ्या.

उपाय क्रमाने करा. पुरळ पूर्ण बरं होईपर्यंत घड्याळ काढून ठेवा. मग तेच घड्याळ नायलॉनच्या, धातू त्वचेला न लागणाऱ्या पट्ट्यावर एक आठवडा घाला. दिवसातून दोनदा काढून मनगट आणि घड्याळाची मागची बाजू पुसा, आणि रात्री घालू नका. त्रास परतला नाही तर दोष पट्ट्याचा किंवा बकलचा होता. परतला तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर लावलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढून पाहतात आणि नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. निकेल निघालं तर अ‍ॅल्युमिनियम किंवा टायटॅनियमची केस घ्या. अ‍ॅल्युमिनियमची अ‍ॅलर्जी क्वचित आढळते.

स्टीलवरचे चरे घरी काढता येतील का? (ठाणे)

चकचकीत, मुलामा नसलेल्या चंदेरी स्टीलवरचे येतील. काळ्या, सोनेरी किंवा करड्या स्टीलला मुळीच हात लावू नका. तो रंग म्हणजे निर्वात भट्टीत चढवलेला काही मायक्रॉनचा थर असतो आणि घासलं की जातो.

घड्याळ बंद करा, पट्टा काढा. काचेच्या कडेला, मागच्या सेन्सरवर आणि स्पीकर-माइकच्या छिद्रांवर मास्किंग टेप लावा. क्राउन आणि बटणाभोवतीही लावा, नाहीतर पॉलिशचा लगदा आत जाऊन क्राउन अडकेल. पॉलिश मुरवलेलं कापड मिळतं ते वापरा. बाटलीतलं पातळ पॉलिश फटीत ओघळतं. एकाच दिशेने, हलक्या दाबाने पाच ते दहा मिनिटं घासा. कापड काळं होतं, ते धातूचंच. मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. नखाला अडकतो असा चरा याने जाणार नाही, आणि त्याच्या मागे लागलात तर तिथे खळगा दिसेल. बफिंगच्या मशीनवर तर कोणालाही देऊ नका. त्या उष्णतेने स्क्रीनचा गोंद मऊ होतो, आणि मग पाण्यापासूनचं संरक्षण गेलं समजा.

टूथपेस्टने काच घासण्याची युक्ती मोबाइलवर फिरत असते. तिने चरा भरत नाही, काचेवरचा बोटांचे ठसे न बसू देणारा थर तेवढा जातो.

दोन-तीन हजारांच्या घड्याळावर ‘प्रीमियम मेटल बॉडी’ लिहिलेलं असतं. ते स्टील का? (अमरावती)

बहुधा नाही. ते झिंक अलॉय असतं, म्हणजे साच्यात ओतलेला जस्ताचा मिश्रधातू. वरून मुलामा किंवा रंग. वजनाने स्टीलच्या जवळपास असल्यामुळे हातात घेतल्यावर भारदस्त वाटतं. चुंबकाने ओळखायला जाऊ नका. जस्त, अ‍ॅल्युमिनियम आणि ३१६एल यांपैकी कशालाच चुंबक नीट चिकटत नाही. खोक्यावरच्या बारीक अक्षरांत ‘झिंक अलॉय’ शोधा. ‘३१६एल’ असं स्पष्ट छापलेलं नसेल तर ते स्टील नाही असं धरून चाला. वर्षभरात पट्ट्याच्या खाचेजवळ मुलामा सुटतो आणि खाली करडा धातू दिसतो. त्या किमतीत प्लास्टिकच्या केसचं घड्याळ जास्त प्रामाणिक.

अ‍ॅल्युमिनियमच्या घड्याळाला स्टीलची चेन चालेल का? (पणजी)

चालते, पण खाच झिजते. स्टीलची कडी मऊ धातूत सतत हलते आणि काही महिन्यांत चेन खुळखुळू लागते. त्यात खारा घाम मध्ये आला तर दोन वेगळ्या धातूंच्या संपर्कामुळे अ‍ॅल्युमिनियमची झीज आणखी वाढते. सणासमारंभापुरती लावा. रोजच्यासाठी पट्टाच बरा.

ओळखीतल्या एकाकडून वापरलेलं स्टीलचं अ‍ॅपल वॉच मिळतंय. केस पॉलिश करून नव्यासारखी केली आहे. काय तपासू? (नागपूर)

केस सर्वांत शेवटी. आधी मॉडेल. २०२५ चं वॉचओएस २६ ‘सिरीज ६’पासून पुढच्या घड्याळांवर चालतं, त्याआधीचं मुख्य मालिकेतलं फुकट मिळालं तरच घ्या. मग सेटिंगमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी हेल्थ. आकडा ८० च्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. विकणाऱ्याने तुमच्यासमोर त्याच्या फोनवरून घड्याळ अनपेअर करायला हवं. अ‍ॅक्टिव्हेशन लॉक राहिलं तर ते घड्याळ तुमच्या फोनशी जोडलंच जाणार नाही. नंतर तुमच्या फोनला जोडून स्पीकर, माइक, क्राउन आणि हृदयाचे ठोके तपासा.

आता केस. उजेडात तिरकी धरून कडा बघा. त्या मूळच्यापेक्षा गोलसर, बोथट झाल्या असतील तर मशीनवर बफिंग झालं आहे. स्क्रीन आणि केसमधल्या फटीवरून नख फिरवा, चारही बाजूंना ती सारखी लागली पाहिजे. कुठे उचललेली वाटली तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते किंवा घड्याळ उघडून पुन्हा चिकटवलेलं असेल. अशा घड्याळाला पाण्यात नेता येणार नाही. दोन्ही खुणा दिसल्या तर नको म्हणा, आणि एकच दिसली तर पोहणं सोडून बाकी वापरासाठी किती कमी पैसे देता येतील ते त्यालाच विचारा.